साच्यावरचं बोलणं

वाऱ्यानं दिवा गेला आणि दिव्याबरोबर बजाबाईचं बोलणंही गेलं. पौषातली पहाट होती. चूल अजून धरली नव्हती, नुसती धुमसत होती, आणि हिंदुराव उंबऱ्याशी बसून डोक्याला रुमाल गुंडाळत बायकोचं ऐकत होता. ती गोदीबद्दल, म्हणजे वैशाखात घरात आलेल्या सुनेबद्दल, काहीतरी सांगत होती. "गोदी काल पुन्हा म्हनाली, मामंजी जर—" इथवर आलं आणि दारातून वारा शिरला. अंधार झाला. दिवा लावेपर्यंत बाई थांबली असेल म्हणून तोही थांबला. अंधारात बसून रुमालाचं टोक खोचत राहिला. मग काडी ओढली गेली, उजेड पडला, आणि त्यात त्यानं पाहिलं तर बजाबाईचे ओठ चालूच होते. ती थांबलीच नव्हती. सगळा वेळ ती त्याच्याकडं तोंड करून बोलत होती आणि आता शेवटाला आली होती. "—म्हनून इचारते. तुमीच काय ते सांगा." एवढं बोलून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हिंदुराव 'व्हय' म्हणाला. बायकोनं काही विचारलं की व्हय म्हणावं, त्यात फारसं बिघडत नाही, हे त्याला संसारानं शिकवलं होतं. पण बजाबाईनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मान हलवली आणि चुलीकडं वळली. नुसत्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

तो उठून बाहेर आला. भवानी पेठेतल्या त्या चाळीच्या तोंडाशी म्युनिसिपालटीचा नळ होता आणि नळाखाली कुणाची तरी घागर लागली होती. हिंदुराव तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. घागर भरताना कशी बोलते हे त्याला पाठ होतं. आधी तळाशी घोगरं, मग पाणी चढेल तसं बारीक, आणि गळ्याशी आलं की एकदम कोवळं. गावाकडं आई आतूनच ओळखायची, घागर भरली रं, उचल. तो वाकला. नळाची धार त्याला दिसत होती, घागरीचा गळा थरथरत होता, पाणी वर येत होतं, आणि सगळं मुकाट चाललं होतं. त्यानं कान आणखी खाली नेला, इतका की गालावर शिंतोडे उडाले. घागर भरून वाहू लागली तरी तो तसाच. मग शेजारची काशम्मा तिची घागर न्यायला आली आणि या म्हाताऱ्याला काय झालं अशा नजरेनं बघू लागली, तेव्हा तो सरळ झाला आणि तोंड धुवायला आल्यासारखं त्यानं तोंड धुतलं. पाणी गार होतं. तोंड पुसताना त्याला वाटलं, हे आजचं नाही. हे कधीपासून चाललंय कोण जाणे, आपल्याला आज दिसलं एवढंच.

भोंगा झाला. भोंगा त्याला अजून कळे. तो कानात येत नसे, छातीच्या फासळ्यांत येऊन बसे, आणि इतकी वर्षं हिंदुरावनं त्यालाच ऐकणं म्हटलं होतं. चाळीतून माणसं बाहेर पडली. त्याचा मुलगा मानसिंगही निघाला. तो घडीखात्यात होता, तयार कापडाच्या घड्या घालायच्या, तिथं साचे, म्हणजे माग, नव्हते. दोघं रोज बरोबर निघत आणि फाटकापर्यंत न बोलता जात, पण आज मानसिंगचं तोंड उतरलं होतं. आता फटफटलं होतं आणि तोंडं दिसत होती. हिंदुराव त्याच्यासमोर आडवा होऊन उभा राहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. मानसिंगनं मागं चाळीकडं पाहिलं. मग म्हणाला, "आई बोलली की तुमाला. तुमी व्हय म्हनालाव."

"पुन्हा सांग."

"गोदीचा भाऊ येतोय आज दुपारच्याला, कुर्डुवाडीहून. घेऊन जानार तिला. संक्रांतीचं निमित्त हाय. पन ती म्हनती, मामंजी आपुन हून थांब म्हनाले तर थांबीन, न्हाईतर जाते ती परत याची न्हाई. आईनं तेच इचारलं तुमाला, जाऊ द्याची का. तुमी व्हय म्हनून मोकळे."

हिंदुराव वाटेतून हलला नाही. मागची माणसं त्याला वळसा घालून पुढं गेली. मानसिंग खाली बघत बोलू लागला, म्हणून त्यानं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. लहानपणी करायचा तसंच. "तिला वाटतं," मानसिंग म्हणाला, "ती तुमच्या मनाला येत न्हाई. आल्यापासनं तुमी तिच्याशी एक सबूद बोलला न्हाई. ती काय इचारती त्याला जबाब देत न्हाई. तोंड फिरवून बसता. रडती पोर."

"मी? रोज बोलतो की मी तिच्याशी."

"मीबी तेच म्हनालो तिला, बोलतात की आबा. ती म्हनती, मला न्हाई ऐकू आलं कदी." एवढं बोलून तो खांदे पाडून पुढं गेला. फाटक आलं होतं.

साचेखात्याचं दार उघडलं की आत जाणारा माणूस क्षणभर डोळे मिटतो. नव्याला ते भिंतीसारखं लागतं, आणि जुन्याला सवय झाली तरी डोळे मिटायचेच. हिंदुरावनं मिटले. पाय आत पडले आणि तळव्यातून साचे वर येऊ लागले, शेकडो साचे एकदम. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, लाकडावर लाकूड, वर पट्ट्यांची फडफड, आणि सगळ्या जमिनीला एक बारीक कापरं. आपल्या साच्यांजवळ जाऊन त्यानं चौकटीवर तळहात ठेवला. बरं चाललंय की बिघडलंय हे त्याला हातालाच कळे. त्याला आता आठवेना की हे कधी कानाला कळत होतं की नाही. बहुधा होतं. पहिल्या दिवशी तर कानाशिवाय त्याच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं. तो आला होता ते पाऊस रुसलेल्या वर्षी. बजाबाईच्या काखेला मानसिंग, त्याच्या डोक्यावर बोचकं, आणि चालत, कारण बसायला काही नव्हतं. सोलापूर दिसायच्या किती आधी धूर दिसला. माळावर उभं राहून बजाबाईनं हात कपाळाला लावून बघितलं होतं. "येवडा धूर हाय," ती म्हणाली होती, "म्हंजे कुनीतरी लई जनांचा सयपाक करतंय." तेव्हा भुकेनं तिचं डोकं फिरलंय असं वाटून त्याला रडू आलं होतं. पण बाईचं खरं झालं. त्या धुरावर त्यांची चूल पेटली ती अजून विझली नव्हती. मानसिंग चार बुकं शिकला, बजाबाईला पाण्यासाठी ओढ्यात झिरा उकरावा लागला नाही, आजारात औषध आलं, दिवाळीला लुगडं आलं. हिंदुराव हे विसरणाऱ्यातला नव्हता. दर दसऱ्याला सगळे साचेवाले साच्यांना हार घालत तसा तो घाली, पण नंतर सगळे निघून गेले की एकटा थांबून पुन्हा एकदा हात जोडी. बाकीच्यांना ते बावळटपणाचं वाटलं असतं, म्हणून कुणी बघत नाही ना याची खात्री करी.

पहिल्या दिवशी त्याला चनबसप्पाच्या हाताखाली दिलं होतं. अक्कलकोटाकडचा म्हातारा, कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडात दात नाहीत, आणि तेच बोळकं तोंड तो हिंदुरावच्या डोळ्यांपुढं आणून उघडझाप करी. हिंदुराव जिवाच्या आकांतानं ओरडला होता, काय म्हणताय, ऐकू येत नाही. म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि दाबली. गप्प. मग स्वतःच्या ओठांकडं बोट केलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पिंपळाखाली त्यानं हेच तोंडानं सांगितलं, अर्धं कानडीत. "हितं आवाजाचं काम इल्ला. आवाज खर्च करू नको, घसा जातो. तोंड मोठं उघड, डोळे ठेव समोर. झालं." खरंच झालं. थोड्याच दिवसांत हिंदुराव खात्याच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाशी गप्पा मारू लागला. भोवती गदारोळ आणि मधे ओठांवर चाललेल्या कुचाळक्या, कुणाची बायको भांडली, कुणाकडं पोरगा झाला, मुकादम येतोय. तिथं मराठी नव्हती, तेलुगू नव्हती, कानडी नव्हती, तिन्हींमधले तोंडाला सोपे पडतील असे शब्द घेऊन केलेली एक निराळीच बोली होती. पलीकडच्या साच्यांवर येडू होता, पद्मसाळी, घरी तेलुगू बोलणारा. त्याच्याशी दोस्ती होऊन वर्ष उलटलं तेव्हा कधीतरी एका सुट्टीच्या दिवशी सात रस्ता चौकात गाठ पडली आणि येडूनं आवाज काढून हाक मारली. हिंदुराव दचकलाच. एवढ्या दांडग्या माणसाचा आवाज बारीक, जवळजवळ बाईसारखा. तो अनोळखी आवाज दोघांच्या मधे आला आणि दोघंही परक्यासारखे उभे राहिले. मग येडूनं आवाज बंद केला, नुसते ओठ हलवले, आणि दोस्ती पुन्हा जागेवर आली.

हे आठवताना त्याच्या हाताला काही कळलं नाही आणि एका साच्यात धागा तुटून कापडात फट पडत गेली. येडूनं पलीकडून हात हलवला तेव्हा ते त्याच्या ध्यानात आलं. असं कधी होत नसे. साचा थांबवून तो धागा जोडू लागला. छताच्या काचेतून उजेड येत होता आणि काचेबाहेर, लोखंडी पट्टीवर, पाखरं बसली होती. पंख फुगवून, एकमेकांना खेटून, एकाची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. हिंदुराव धागा हातात धरून बघत राहिला. शहरातली पाखरं गेली, हे त्याचं पेठेत ठरलेलं वाक्य होतं. पारावर बसलं की तो सांगे, गावाकडं सकाळी कसा कलकलाट असायचा. आणि हितं बघा, धुरानं एक पाखरू ठेवलं नाही. तसा तो गिरणीविरुद्ध कधी बोलत नसे, पण ही तक्रार त्यानं बरीच वर्षं मनात धरली होती. खोटं नव्हतं सगळं. चाळीमागच्या लिंबाची पानं बोटानं पुसली तर बोट काळं होई, बजाबाई तुळशीला रोज ओलं फडकं लावी, आणि नाल्याचं पाणी रंगखात्यात ज्या दिवशी जो रंग निघेल त्या रंगाचं वाहे. नाला लाल दिसला की पोरं सांगत, आज लुगड्यांचे काठ चाललेत. मासा त्यात कुणी पाहिला नव्हता. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका खोकत, हेही होतं. पण पाखरं गेली नव्हती. ती सगळी वर्षं तिथंच बसून ओरडत होती. हिंदुरावला त्यांची मनातून क्षमा मागावीशी वाटली. गिरणीनं काही घेतलंच असेल तर ते पाखरांचं नाही, आपलं घेतलंय, आणि तेही आपण दिलंय तसं, रोज थोडं, न बघता.

मग गोदी. ती घरात आली तेव्हापासून त्यानं तिचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं. पाहायचं नसतंच. सासरा दिसला की ती डोक्यावरचा पदर ओढून, मान घालून, अंग चोरून भिंतीकडं व्हायची. बोलायची असेल तर त्या पदराच्या आत. पदर हलायचा खरा. वाऱ्यानं हलतो असं त्याला वाटे. पारावर त्यानं मिरवलं होतं, सून अशी गुणाची, तोंडातून शब्द नाही. आता त्याला ते दिसू लागलं. ती मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहून विचारत असणार, आणि हा समोर भिंतीकडं बघत बसलेला. ती पुन्हा विचारत असणार. मग तांब्या ठेवून जात असणार. आणि जेवताना? मानसिंगच्या लग्नापासून त्याच्या ताटात दुसऱ्यांदा भाकरी पडली नव्हती. बजाबाई वाढायची तेव्हा विचारायची. आता वाढते गोदी. हिंदुरावनं समजून घेतलं होतं, तोंडं वाढली घरात, जपून चाललंय, बरंच आहे. आणि उठताना मात्र तो रोज न चुकता म्हणत असे, भाकरी झकास झाली पोरी. रोज म्हणत असे. मग पोरगी असं का म्हणते की एक शब्द बोलला नाही? इथं येऊन त्याचा विचार पुन्हा पुन्हा तुटत होता.

साचा चालू करून तो येडूच्या समोर गेला आणि ओठांनी म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई." हे सांगायला त्याला भीती वाटली होती. बहिरा म्हणून बोभाटा झाला तर साचे काढून घेतील, झाडू हातात देतील, असं सकाळपासून कुठंतरी आत चाललं होतं. येडूनं धोटा बदलला, मग त्याच्याकडं बघितलं.

"मग?" त्याचे ओठ म्हणाले.

"मग काय मग? बहिरा झालो मी."

येडू हसला. अंग हलेपर्यंत हसला. "हितं कोन ऐकतंय?" त्यानं हातानं सगळं खातं दाखवलं. "मला येतं व्हय? मुकादमाला येतं? मुकादमाला तर आपल्या आदी गेलं. म्हनून तर बरं चाललंय." नंतर काही आठवून तो पुढं झुकला. "माजी सुंदरम्मा रोज भांडती. म्हनती, घरात तरी आवाज काढा. नुसतं तोंड हलवता, माकडावानी. मी म्हन्तो, बोलतोय की. ती म्हन्ती, काय बोलताय, वारा बोलताय. आवाज घरी न्याचा राहूनच जातो, काय करनार." आणि तो आपल्या साच्यांकडं वळला.

हिंदुराव जागच्या जागी उभा राहिला. परक्याशी, दुकानदाराशी, देवळातल्या पुजाऱ्याशी तो आवाज काढून बोले, कारण ते परके. घरच्यांशी नाही. घरच्यांशी तो बोले ते येडूशी बोलावं तसं, मनाच्या मोकळेपणानं, आणि मनाचा मोकळेपणा म्हणजे त्याच्या लेखी बिनआवाजाचे ओठ. बजाबाई सोलापुरात आल्यावर काही वर्षं कांड्यांच्या खात्यात होती, तिला कधी कळलंच नाही की नवरा आवाजाशिवाय बोलतो. मानसिंग तर त्यातच वाढला. आणि ही पोर पहिल्या दिवशी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली तेव्हा त्यानं तिला आपली मानली, लगेच मानली, आणि म्हणून आवाज काढला नाही. ती बोलत होती ते तोंड झाकून. तो बोलत होता ते आवाज न काढता, आणि खाली घातलेल्या मानेला ओठ दिसत नाहीत. वैशाखापासून ती दोघं एका खोलीत एकमेकांशी रोज प्रेमानं बोलत होती आणि एक अक्षर इकडून तिकडं गेलं नव्हतं. गिरणीतल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडून अशी चूक व्हायची नाही. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. खात्यात सुताचे तंतू उडत असतात, डोळे पुसताना कुणी बघत नाही.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा छातीत लागला तसा तो निघाला. पळाला असंच म्हणायला हवं, आणि ते वय पळायचं नव्हतं. चाळीच्या तोंडाशी टांगा उभा होता. दारातच पाहुणा पायरीवर बसला होता, गोदीचा भाऊ एकनाथ, रेल्वेत रूळ बदलून देणारा सांधेवाला, निळी बंडी घालून. त्यानं उठून नमस्कार केला, काहीतरी बोलला. हिंदुरावनं तिकडं पाहिलंही नाही. आत बोचकं बांधून ठेवलेलं. बजाबाई चुलीपाशी डोळे पुसत होती. आणि गोदी सासऱ्याला बघताच पदर ओढून भिंतीकडं झाली, मान खाली.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं आणि त्याला भीती वाटली की नुसतेच ओठ हलतील. म्हणून चनबसप्पानं जिथं बोटं ठेवली होती तिथंच, गळ्यावर, त्यानं स्वतःचा तळहात ठेवला. साच्याच्या चौकटीवर ठेवायचा तसा. "गोदा," तो म्हणाला. हाताखाली काही हललं नाही. त्यानं पुन्हा जोर केला. "गोदा." गळा थरथरला. थरथरला म्हणजे आवाज निघाला. किती निघाला हे त्याला कळायला मार्ग नव्हता, पण काशम्मा तिच्या दारातून धावत बाहेर आली आणि टांग्याच्या घोड्यानं कान टवकारले, त्यावरून बराच निघाला असावा. "पोरी, पदर काढ तोंडावरचा. वर बघ. मला ऐकू येत न्हाई."

बजाबाईनं तोंडावर हात नेला. "हात काढ तू," तो तिला म्हणाला, "काय म्हनतीस कळंना."

तिनं हात काढला. तिचे ओठ कापत होते, वाचायला कठीण जात होतं. "ऐकू येत न्हाई? आवं, मग माजं कसं ऐकता?"

"तुजं बघतो. किती वर्सं झाली, बघतोच आलोय." हेही सगळ्या चाळीनं ऐकलं असणार. बजाबाई लाजून चुलीकडं वळली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा वळून त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली.

गोदी तशीच होती. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडं करायचं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. भाऊ दारात, शेजारीण दारात. त्यानं गळ्यावरचा हात काढला नाही. "मी बोलत हुतो पोरी तुज्याशी. रोज बोलत हुतो. भाकरी लई झकास हुती, म्हनत हुतो. आवाज न्हवता त्यात. साच्यावर आवाज लागत न्हाई, त्येच घरात आलं. तू मनाला येत न्हाईस असं न्हाई. लई येतीस." इथं त्याच्या हाताखालचा गळा कसातरीच हलला आणि त्यानं हात आणखी दाबून धरला.

पदर हलला. या खेपेला वारा नव्हता. आधी हनुवटी दिसली, मग तोंड, किंचित पुढं आलेला एक दात, रडून सुजलेले डोळे. केवढी लहान होती. ती त्याच्या डोळ्यांना डोळा देऊन उभी राहिली आणि बोलली, सावकाश, नुकतंच कळलं होतं तरी अगदी बरोबर तोंड मोठं उघडून. "रोज?"

"व्हय की. रोज."

"मीबी रोज इचारते, मामंजी. आनखी वाढू का म्हनून."

हिंदुरावनं बजाबाईकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. "तरीच," तो म्हणाला, "वैशाखापासनं उपाशी उठतोय मी."

एकनाथ मोठ्यानं हसला. हसणं दिसतं, ते ऐकावं लागत नाही. गोदी रडता रडता हसली आणि पदर पुढं ओढायला तिचा हात वर गेला, तो अर्ध्यावरच थांबला. मग तिनं त्याला बसवलं, ताट वाढलं, आणि प्रत्येक घासाला समोर येऊन, वाकून, तोंड दाखवून विचारलं. तो इतका जेवला की पुढं साच्यावर उभं राहवेल की नाही याची शंका होती. मधेच त्याला आठवलं म्हणून त्यानं गळ्यावर हात ठेवून, सांडशीनं निखारा उचलावा तितक्या बेतानं आवाज काढत विचारलं, "थांबतीस का मग?"

गोदीनं भावाकडं पाहिलं. एकनाथला आईनंच धाडलं होतं. ती वाट बघत असणार, तिळाचे लाडू करून ठेवलेले असणार. हिंदुरावला ते कळलं. "जा," तो म्हणाला. "आईला भेटून ये."

टांगा निघाला तेव्हा सुट्टी संपत आली होती. माणसं परत गिरणीकडं चालली होती, सगळा रस्ता भरला होता, आणि हिंदुराव त्या गर्दीत वळून उभा होता. मनात त्याच्या शंका होतीच. माहेरी गेलं की माणसाचं मन बदलतं, आई विचारते, शेजारणी विचारतात, बहिऱ्या सासऱ्याचं घर. ती परत येते असं काही बोलली नव्हती. तोही विचारायचा राहिला होता. टांगा वळणावर गेला आणि त्याच वेळी छातीत भोंगा सुरू झाला. भोंगा वाजत असताना भवानी पेठेत कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. टांग्याच्या मागच्या बाजूला बसलेल्या गोदीनं अंगावरून पदर मागं टाकला. भर रस्त्यात, उघड्या तोंडानं, तिनं त्याला बघितलं. आणि कांड्यांच्या खात्यातली जुनी बाई असावी तसं तोंड मोठं करून, आवाजाचा मागमूस नसलेले ओठ हलवले.

"संक्रांत झाली की येते, मामंजी. दोन भाकरी जास्त थापीन."

एकनाथला शेजारी बसून काही कळलं नसणार. पण रस्ता साचेवाल्यांचा होता. येडू हसत हिंदुरावच्या खांद्यावर हात टाकून उभा होता, मुकादमानं मान डोलावली, पुढच्या दोघातिघांनी वळून हिंदुरावकडं बघितलं. सगळ्या पेठेनं ऐकलं होतं. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता, खूप जणांचा स्वयंपाक चालावा तसा. हिंदुरावनं आज दसरा नसताना, सगळे बघत असताना, फाटकातूनच गिरणीला हात जोडले आणि कामावर गेला.